उभ्या इंजिनातले पाणी



या सदरातून आम्ही आजवर बेणे, लागण, खोडवा, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहीत आलो. या वेळचा पाठ थोडा वेगळा आहे. विषय इंजिनाचा आहे आणि त्याची सुरुवात आपल्या शिवारापासून फार लांब, कॅनडाच्या किनाऱ्यावर होते. मात्र शेवट आपल्याच ट्रॅक्टरपाशी आणि आपल्याच विहिरीवर होतो. म्हणून पाठ पुरता वाचावा, अशी विनंती आहे.

त्याचे असे झाले. एका गटाच्या बैठकीत उसाची नोंद घेणे चालू होते. कामकाज संपल्यावर एक वयस्क सभासद आमच्याजवळ येऊन म्हणाले, "साहेब, थंडीनं इंजिन फुटतं का हो?" त्यांचा धाकटा मुलगा कॅनडात व्हँकूवर शहराजवळ नोकरीला आहे. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी मिळून एक जुनी मोटारबोट घेतली आहे. सुट्टीच्या दिवशी मासे धरायला जातात. हिवाळ्यातही जातात, कारण तिथला समुद्र गोठत नाही. परंतु बोट घरी आणली की हा मुलगा अंधारात, पावसात, थंडीत अर्धा तास इंजिनाखाली पालथा पडून पाणी काढत बसतो. वडिलांनी फोनवर विचारले, "अरे, परत पुढच्या आठवड्यात जायचंच आहे ना, मग पाणी काढतोस कशाला?" तो म्हणाला, "नाही काढलं तर इंजिन फुटेल." वडिलांना ते पटले नाही. लोखंड थंडीने कसे फुटेल?

आम्ही त्यांना तिथल्या तिथे थोडक्यात सांगितले. पण घरी येताना वाटले, हा प्रश्न एकट्याचा नाही. इंजिनात राहिलेले पाणी काय करते, हे आपल्यापैकी किती जणांना नीट माहीत आहे? गेल्या काही हंगामांत ट्रॅक्टरची जी हेडे तडकली आणि जे ब्लॉक खराब झाले, त्यांतले बरेचसे नुकसान पाण्यानेच केलेले आहे. म्हणून हा पाठ.

पाणी गोठले म्हणजे काय होते

बहुतेक सगळे पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणीही आकसते, पण फक्त 4 अंश सेल्सियसपर्यंत. त्याहून थंड होऊ लागले की ते उलट फुगू लागते, आणि 0 अंशाला गोठून बर्फ झाले की एकदम सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. हिशेब सोपा आहे. 11 तांबे पाण्याचा 12 तांबे बर्फ होतो. बर्फ पाण्यावर तरंगतो तो याच कारणाने. तितक्याच वजनाला तो जागा जास्त घेतो.

आता हे पाणी उघड्या बादलीत असेल तर बर्फ वर सरकेल, बिघडणार काही नाही. परंतु इंजिनाच्या सिलिंडरभोवती जी पाण्याची पोकळी असते, तिला वर सरकायला जागा नाही. चारी बाजूंनी बीड आहे. बीड कठीण असते, पण ताणले जात नाही. वाकण्याऐवजी ते तडकते. बर्फाचा जोर इतका असतो की बोटभर जाडीची भिंतही त्यापुढे टिकत नाही.

काही जण सांगतात की ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टिकल्या बसवलेल्या असतात, त्या बाहेर पडतात आणि इंजिन वाचते. हा समज अर्धवट आहे. ब्लॉक ओतताना आतली वाळू काढण्यासाठी जी भोके ठेवावी लागतात, ती बुजवण्यासाठी या टिकल्या आहेत. कधी नशिबाने टिकली आधी सुटते, कधी ब्लॉक आधी फुटतो. नशिबावर इंजिन सोडू नये.

आणखी एक गोष्ट. फुटल्याचे त्या वेळी कळतच नाही. तडीत बर्फच बसलेला असतो, तेव्हा पाणी गळत नाही. ऊन पडले, बर्फ वितळला, इंजिन चालू केले की मग पाणी ऑइलमध्ये उतरते. ऑइलची कांडी काढून बघितली तर ऑइल दुधाळ, चहासारखे दिसते. तोवर उशीर झालेला असतो.

बोटीचे इंजिन जास्त धोक्यात का

मोटारीला आणि ट्रॅक्टरला रेडिएटर असतो. तेच ते पाणी आत फिरत राहते, म्हणून त्यात औषध घालून ठेवता येते. पण पुष्कळ लहान बोटींत तसे नसते. इंजिन बाहेरचेच पाणी, समुद्राचे किंवा तळ्याचे, पंपाने ओढून घेते, ब्लॉकमधून फिरवते आणि धुराबरोबर बाहेर टाकते. म्हणजे बोट थांबली त्या घटकेला आत जे पाणी आहे ते साधे, बिनऔषधी पाणी.

हे वाचून जाणत्या सभासदांच्या लक्षात आले असेल. आपल्या विहिरीवरचे जुने पाण्याचे डिझेल इंजिन याच जातीचे! पंपाच्या डिलिव्हरीतून बारीक पाइप काढून पाणी सिलिंडरच्या पोकळीत सोडायचे आणि दुसऱ्या बाजूने पाटात पाडायचे. रेडिएटर नाही, टाकी नाही. बोटीचे इंजिन आणि विहिरीवरचे इंजिन हे या बाबतीत सख्खे भाऊ आहेत.

व्हँकूवरच्या बाजूला हिवाळा पावसाळी असतो. दिवसा तापमान बहुधा शून्याच्या वर राहते, पण मधूनच काही रात्री ते शून्याखाली जाते. खरा धोका याच हवामानात आहे. जिथे चार महिने सगळे गोठलेलेच असते, तिथे लोक हंगाम संपल्यावर एकदाच बोट नीट बंद करून ठेवतात. जिथे आज बाहेर, उद्या घरी, परवा पुन्हा बाहेर असे चालते, तिथे "एका रात्रीने काय होतंय" म्हणून माणूस आळस करतो. आणि ती एकच रात्र पुरेशी असते.

त्यातही बोट पाण्यातच बांधलेली असेल तर खालच्या पाण्याची ऊब तिला थोडी मिळते. गाड्यावर घालून अंगणात आणून ठेवली की चारी बाजूंनी गार वारा लागतो. म्हणजे घरी आणलेली बोट जास्त जपावी लागते.

तो मुलगा काय करतो

वडिलांनी फोनवर त्याला आमच्यासमोर सगळे विचारून घेतले. क्रम असा आहे.

1. बोट पाण्याबाहेर काढल्यावर इंजिन सपाट जागी आणतो. तिरपे असेल तर एका कोपऱ्यात पाणी राहते.

2. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे आणि धूर जाण्याच्या बिडाच्या नळ्यांखालचे बूच काढतो. एका बाजूचे काढून भागत नाही, प्रत्येक पोकळीचे पाणी वेगळे असते.

3. बूच काढूनही पाणी आले नाही, तर पाणी संपले असे समजत नाही. भोकात तार घालून ढवळतो. गंज, वाळू, शिंपल्यांचा चुरा यांनी भोक बुजलेले असते. ते मोकळे झाले की भडाभडा पाणी येते.

4. पंपाचा खालचा रबरी पाइप सोडून खाली करतो. पाइपच्या झोळात पाणी साठते.

5. काढलेली बुचे एका डब्यात घालतो आणि तो डबा किल्लीला बांधून ठेवतो. पुढच्या वेळी किल्ली हातात घेतली की डबा हातात येतो. बुचे न लावता बोट पाण्यात लोटली तर ते पाणी बोटीतच शिरणार!

ज्यांचे इंजिन बोटीच्या मागे बाहेरच्या बाजूला टांगलेले असते, त्यांचे काम सोपे. ते सरळ उभे ठेवले की बहुतेक पाणी आपोआप खाली उतरते. वर उचलून आडवे ठेवले तर पाणी आत अडकते.

काही जण पाणी काढण्याऐवजी इंजिनाच्या खोलीत विजेची शेगडी किंवा दिवा लावून ठेवतात. यात दोन धोके आहेत. पेट्रोलच्या वाफा कोंडलेल्या जागी साधी शेगडी लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. आणि दुसरे, ज्या रात्री वादळ होऊन कडाका पडतो, नेमकी त्याच रात्री वीज जाते. विजेच्या भरवशावर राहण्यातली गोम आपल्या शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको.

रस लवकर का गोठत नाही

आता औषधाकडे येऊ. पाण्यात दुसरे काही विरघळले की ते 0 अंशाला गोठत नाही, त्याहून खाली गोठते. समुद्राचे पाणी मिठामुळे साधारण उणे 2 अंशांच्या आसपास गोठते. आपला उसाचा रस घ्या. 20 ब्रिक्सचा रस शून्याच्या खाली एक-दीड अंश गेल्यावर गोठू लागतो.

याची दुसरी बाजू आपल्या कारखान्यातील पॅनवरच्या मंडळींना रोज दिसते. साधे पाणी 100 अंशाला उकळते, पण रस जसजसा घट्ट होतो तसतसा तो जास्त तापमानाला उकळतो. म्हणजे विरघळलेला पदार्थ पाण्याला दोन्हीकडून आधार देतो. खाली गोठू देत नाही आणि वर लवकर उकळू देत नाही. दोन्ही एकाच नियमाची फळे आहेत.

मग रेडिएटरमध्ये साखर घालावी का? अर्थात नाही. साखर तापून करपेल, आंबेल आणि आतल्या बारीक नळ्या चोंदवील. मीठ घालावे का? मीठ तर लोखंडाला खाऊन टाकील. म्हणून इथिलीन ग्लायकॉल नावाचा पदार्थ वापरतात आणि त्यात गंज रोखणारी द्रव्ये मिसळतात. बाजारात आपण ज्याला कूलंट म्हणतो ते हेच. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल घेतले तर मिश्रण सुमारे उणे 36 अंशांपर्यंत गोठत नाही. एक तृतीयांश ग्लायकॉल असेल तर साधारण उणे 17 अंशांपर्यंत निभावते.

इथे एक गंमत आहे. जास्त घातले म्हणजे जास्त चांगले, असे नाही. निव्वळ ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपासच गोठते! शिवाय ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. खताचे जसे माप असते तसेच याचेही आहे.

मग आपल्याला हे कशाला?

वडीलधाऱ्या सभासदांचा पुढचा प्रश्न हाच होता. "आपल्याकडं कुठं पाणी गोठतंय?" खरे आहे. निफाड भागात काही हिवाळ्यांत पारा फार खाली उतरतो, द्राक्षबागाईतदार बागेत शेकोट्या पेटवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या येतात. पण ते पातळ दव असते, उघड्या आकाशाखाली पानावर, टपावर गोठते. इंजिनातले दहा लिटर पाणी त्या थंडीने गोठून ब्लॉक फुटेल, अशी थंडी आपल्या ऊस पट्ट्यात पडत नाही. आपल्या भागातली जी मुले सैन्यात आहेत आणि लडाखकडे गाड्या चालवतात, त्यांना मात्र हा पाठ पाठच असतो.

तरीही कूलंट आपल्याला लागते. आपल्याकडे पाणी गोठून घात करत नाही, ते तीन निराळ्या वाटांनी करते.

पहिली वाट क्षारांची. ज्या विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्याने आपल्या जमिनी चोपण झाल्या, तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. पाणी तापले की त्यातला चुना सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाला बसतो. घरात पाणी तापवण्याच्या बंबाच्या आत जे पांढरे कवच धरते, तेच हे. कारखान्यातल्या रस आटवण्याच्या नळ्यांनाही असेच कवच धरते, आणि त्याच्या सफाईसाठी गाळप थांबवावे लागते, हे आपण जाणता. इंजिनात मात्र सफाई कोणी करत नाही. कवच उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही, आणि काटा ठीक दाखवत असतानाही आतली धातू भाजत राहते.

दुसरी वाट गंजाची. इंजिन चालू असताना गंज कमी, उभे असताना जास्त. निम्मे पाणी, निम्मी हवा आणि ओले लोखंड असा योग जमला की गंजाला सुगी. पाणी लाल झालेले दिसते ते त्यामुळे.

तिसरी वाट बारीक भोकांची. डिझेल इंजिनाचा लायनर प्रत्येक स्फोटाला थरथरतो. त्याच्या अंगाला पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटतात. साध्या पाण्यात हे बुडबुडे लायनरला टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पाडतात. शेवटी पाणी आत उतरते. चांगल्या कूलंटमधली द्रव्ये लायनरवर पातळ थर धरून हे थोपवतात.

एक झालेले नुकसान

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगतो. सभासदाचे नाव सांगत नाही, गाव सांगत नाही.

ऊस वाहतुकीचा करार केलेला एक तरुण सभासद. ट्रॅक्टर कर्जाचा, दोन ट्रॉल्या, टोळीला उचल दिलेली. जानेवारीचे दिवस, गाळप जोरात. भरल्या ट्रॉल्या घेऊन चढाला लागला आणि काटा लाल रेघेवर गेला. बघितले तर रेडिएटर अर्धा. पट्टा पडल्यापासून दसऱ्यापर्यंत ट्रॅक्टर शेडात उभा होता, तेही साध्या पाण्यावर. खालचा पाइप गंजाने झिजून गळू लागला होता. घाई होती, मागे गाड्या लागल्या होत्या. त्याने शेजारच्या पाटातून घागर भरून आणली आणि तापलेल्या इंजिनात तशीच ओतली. आतून 'टक्' असा आवाज आला. हेड तडकले.

ट्रॅक्टर नऊ दिवस उभा. टोळी बसून. तोडलेला ऊस फडात वाळून वजनाला आणि उताऱ्याला घटला. ज्याचा ऊस होता तो दुसराच सभासद, त्याने बोल लावला. मुकादम टोळी घेऊन दुसरीकडे जाण्याची भाषा करू लागला. त्या मुलाचे वडील आमच्या ऑफिसात येऊन बाकावर नुसते बसून राहिले. काही बोलले नाहीत. पुष्कळ वेळाने म्हणाले, "घागरभर पाण्यानं घर बसलं, साहेब."

आम्हाला त्या वेळी बोचले ते असे की, आम्ही वर्षानुवर्षे त्यांच्या शिवारात जात होतो. पानांवरचा तांबेरा दाखवत होतो, हुमणी दाखवत होतो. शेडातल्या ट्रॅक्टरचे पाणी एकदाही बघितले नव्हते. हा पाठ लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

थंडीने बीड फुटते ते बर्फाच्या फुगण्याने, आणि तापलेले बीड गार पाण्याने फुटते ते एका बाजूच्या अचानक आकसण्याने. कारणे दोन, पण फुटणारे बीड तेच.

मुख्य नियम

कॅनडाची बोट असो, विहिरीवरचे इंजिन असो की ट्रॅक्टर, नियम एकच लक्षात ठेवावा. उभे इंजिन एकतर चांगल्या मिश्रणाने पूर्ण भरलेले असावे, नाहीतर पूर्ण रिकामे असावे. अर्धवट कधीही नसावे.

ज्याला रेडिएटर आहे ते भरून ठेवावे. जे बाहेरचे पाणी घेते ते रिकामे करून ठेवावे.

ट्रॅक्टर: पट्टा पडल्यानंतर

1. इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण सैल होताच तोंडावर उडते. भाजल्याचे प्रकार दर हंगामात घडतात.

2. रेडिएटरचा खालचा नळ उघडावा आणि ब्लॉकचे बूचही काढावे. बहुतेकांची चूक इथे होते. फक्त रेडिएटर रिकामा करतात. हिशेब बघा. एकूण पाणी 10 लिटर असेल आणि ब्लॉकमध्ये 4 लिटर साधे पाणी तसेच राहिले, तर वरून घातलेल्या 6 लिटर निम्म्या-निम्म्या मिश्रणात ग्लायकॉल 3 लिटरच. म्हणजे 10 लिटरला 3, फक्त 30 टक्के. पैसे 50 टक्क्यांच्या हिशेबाने गेले, गुण मात्र 30 चा.

3. आतले पाणी लाल आले तर स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन घ्यावे. कवच जाड असेल तर जाणत्या मिस्त्रीकडून साफ करून घ्यावे. तीव्र आम्ल स्वतः ओतून बघू नये.

4. कूलंटचा डबा घेताना त्यावरचा मजकूर वाचावा. काही डबे तयार मिश्रणाचे असतात, त्यांत पाणी घालायचे नसते. काही घट्ट असतात, त्यांत पाणी मिसळायचे असते. हिरवा, लाल, निळा या रंगांवरून जात ओळखू नये, रंग ज्याचा त्याचा असतो. दोन जातींचे एकत्र करू नये. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेच घ्यावे.

5. मिसळायचे पाणी बॅटरीसाठी मिळते तसे शुद्ध घ्यावे. ते नसेल तर पावसाचे पाणी बरे. पहिल्या दोन-चार सरींनी छप्पर धुऊन गेल्यावर स्वच्छ भांड्यात धरून कापडाने गाळलेले. बोअरचे नको.

6. भरल्यावर इंजिन पुरेसे तापेपर्यंत चालवावे. थंड इंजिनात थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह बंद असतो, त्यामुळे मिश्रण सगळीकडे पोचत नाही. वरचा पाइप हाताला गरम लागू लागला की समजावे, फिरू लागले. गार झाल्यावर पातळी पुन्हा बघून भरावी.

7. रबरी पाइप दाबून बघावेत. तडे गेलेले, फुगलेले पाइप आताच बदलावेत. दसऱ्यानंतर मिस्त्रीला वेळ नसतो.

8. कूलंट कायमचे नसते. पुस्तिकेत दिलेल्या मुदतीनंतर बदलावे. ग्लायकॉल शिल्लक राहते, पण गंज रोखणारी द्रव्ये संपून जातात.

हंगामात रोज सकाळी गार इंजिनात पातळी बघावी. कमी भरली तर तेच मिश्रण घालावे. रोज कमी होत असेल तर ते जाते कुठे याचा शोध घ्यावा, नुसते भरत राहू नये.

विहिरीवरचे किंवा नदीवरचे इंजिन: दोन पाळ्यांच्या मध्ये

आता बहुतेक ठिकाणी विजेच्या मोटारी आल्या. तरी पुष्कळांनी जुनी इंजिने अडीअडचणीसाठी ठेवली आहेत. ती महिनोन् महिने उभी असतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी दगा देतात.

1. पाणी देऊन झाल्यावर इंजिन पाच मिनिटे हळू चालवून मग बंद करावे. एकदम बंद केले तर पोकळीतले पाणी जागच्या जागी उकळते आणि क्षार बसतात.

2. गार झाल्यावर सिलिंडरच्या पोकळीचा खालचा नळ उघडावा. पाणी आले नाही तर तार घालून ढवळावे. नदीच्या पाण्यातला गाळ तिथेच बसतो. कॅनडातला मुलगा करतो तेच हे काम!

3. नळ उघडाच ठेवावा. "नळ उघडा आहे" असे पुठ्ठ्यावर लिहून तो पुठ्ठा हँडलला बांधावा. पुढच्या वेळी इंजिन फिरवायला कोण येईल, गडी की मुलगा, ते सांगता येत नाही.

4. चालू करताना नळ बंद करावा आणि बाहेरच्या पाइपातून पाणी पडू लागले की नाही हे उभे राहून बघावे. पाणी न पडताच इंजिन तापले असेल तर ते बंद करून गार होऊ द्यावे. घाईने पाणी सोडू नये.

एक कळकळीची सूचना

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि ते विष आहे. पोटात गेले की त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल तयार होऊन त्याचे खडे मूत्रपिंडात बसतात. थोडेसुद्धा जिवावर बेतते. कुत्री, वासरे गोडीमुळे ते चाटतात. लहान मुले रंगीत सरबत समजून तोंडाला लावू शकतात. म्हणून काढलेले कूलंट घमेल्यात उघडे ठेवू नये, गव्हाणीजवळ, पाटात, विहिरीजवळ ओतू नये. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत तर मुळीच भरू नये. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळ ट्रॅक्टरची कामे चालतात, तिथे बैलही असतात आणि मुलेही. विशेष जपावे. कोणाच्या पोटात गेल्याचा संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता तात्काळ दवाखाना गाठावा आणि डबा सोबत न्यावा. बोटीचे पाणी बाहेर सरोवरातच पडते, म्हणून तिकडे बोटींसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे, पुष्कळ कमी विषारी असे औषध वापरतात. त्यातला विचार आपणही घ्यावा.

उजळणीसाठी प्रश्न

घरातल्या शाळकरी मुलांना हे प्रश्न जरूर विचारावेत.

1. 22 लिटर पाण्याचा बर्फ सुमारे किती लिटर जागा घेईल?
2. निव्वळ ग्लायकॉल का वापरू नये?
3. फक्त रेडिएटर रिकामा करून काय चूक होते?
4. तापलेल्या इंजिनात गार पाणी का ओतू नये?
5. आपल्या घरचे इंजिन भरून ठेवण्याच्या जातीचे आहे की रिकामे ठेवण्याच्या?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर शेडात जाऊन, नळ उघडून बघूनच द्यावे.

शेवटी त्या वयस्क सभासदांचे सांगतो. मुलाशी बोलणे झाल्यावर ते थोडे गप्प राहिले. मग म्हणाले, "मला वाटत होतं, पोरगं तिकडं जाऊन नाजूक झालं. ते तर आपल्यासारखंच चिखलात पडून नळ उघडतंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मळ्यातल्या जुन्या इंजिनाचा खालचा नळ उघडला. आधी काहीच आले नाही. तार घातली तेव्हा लाल गाळ आला, आणि मग पाणी.

आपणही उघडून बघावे.